सहा तासांच्या फरकाचा संसार

इन्स्पेक्टर दे पॉटर यांनी आधी या खोलीतली खाट मोजली, मग त्या खोलीतली मोजली, आणि बेरीज करून ते स्वयंपाकघरात परत आले.

"दोन," ते म्हणाले.

"दोन," लुर्देसने मान डोलावली.

"माणसं दोन, लग्न एक, आणि खाटा दोन."

"उपास आहे ना, साहेब."

दे पॉटर साहेबांचं पेन थांबलं. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या या वस्तीत पोलीस म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली होती. नवं कोणी राहायला आलं, की ते खरोखरच तिथे राहतं का हे घरी जाऊन बघणं हे त्यांचं काम. घंटीवर नाव, न्हाणीघरात दात घासायचे ब्रश, खुंटीला कोट, एवढं बघून ते निघायचे. नवराबायकोच्या वेगळ्या खाटांसाठी त्यांनी आजवर घोरणं ऐकलं होतं, पाठदुखी ऐकली होती, मांजरसुद्धा ऐकलं होतं. उपास पहिल्यांदाच ऐकत होते.

"उपास पोटाचा असतो, बाई."

"माझा पोटाचा. वर्कूचा सगळ्याचाच."

हे खरं होतं. वर्कू इथिओपियाचा, तिथल्या जुन्या चर्चचा. ईस्टरच्या आधी त्यांचा पंचावन्न दिवसांचा उपास. दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, दुपारचे तीन वाजेपर्यंत पाण्याचा घोट नाही, आणि नवराबायकोने एका खाटेवर झोपायचं नाही. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्याने हे व्रत एकदाही मोडलं नव्हतं. लुर्देस पोर्तुगालची, कॅथलिक. तिचे चाळीस दिवस वेगळे. कॉफीत साखर नाही, शुक्रवारी मांस नाही, आणि त्याखेरीज सेंट अँथनी या संताचे तेरा मंगळवार. घरात देव एकच होता, नेम मात्र दोन होते, आणि दोघंही एकमेकांचा नेम जपत होते. देवाला याची काही अडचण वाटली नसावी. इन्स्पेक्टरला वाटली.

त्यांनी फ्रिज उघडला. "हे दूध कोणाचं?"

"माझं."

"ही डाळ?"

"त्याची."

"आणि ही भांडी अशी दोन ढिगांत का?"

"निळी माझी, काळी त्याची. माझ्या कढईला लोणी लागलेलं असतं ना. त्याची डाळ त्यात कशी करायची?"

"म्हणजे भांडीसुद्धा वेगळी," साहेबांनी लिहून घेतलं. "हे सगळं कधीपर्यंत?"

"ईस्टरपर्यंत."

"पाच एप्रिल."

"माझा पाचला. त्याचा बाराला."

इन्स्पेक्टरने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ईस्टरही दोन?"

"दोन," लुर्देस हळूच म्हणाली. आपण काही चुकीचं बोलत नाही आहोत आणि तरीही सगळं चुकत चाललंय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

साहेबांनी वही मिटली, शांतपणे नमस्कार केला आणि गेले. कॉफीलासुद्धा थांबले नाहीत. लुर्देसच्या मते हे सगळ्यात वाईट लक्षण होतं.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. लुर्देस बारा वर्षं गेंटमधल्या एका बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजत होती. पोर्तुगालचा माणूस बेल्जियममध्ये येऊन असा कामधंदा करत असला, की त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, मग ती जगाच्या कुठल्याही टोकाची असो, सोबत राहायचा हक्क मिळतो. वर्कूने अर्ज केला होता. सहा महिन्यांचं नारिंगी कार्ड त्याच्या खिशात होतं आणि ते वीस एप्रिलला संपत होतं. त्याआधी पाच वर्षांचं कार्ड मिळालं, तर संसार. नाही मिळालं, तर तीस दिवसांत देश सोडायचा. मध्ये दुसरं काही नव्हतं.

आणि लग्न तर खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी लुर्देस आपल्या चर्चमधल्या बायकांबरोबर इथिओपियातल्या लालिबेलाच्या यात्रेला गेली होती. घाटात बस बंद पडली. ड्रायव्हरने देवाला दोष दिला, बायकांनी जपमाळा काढल्या. तिसरी माळ चालू असताना पलीकडच्या ट्रकखालून कोपरापर्यंत ग्रीस माखलेला एक माणूस बाहेर आला आणि अदबीने म्हणाला, "कोणाकडे केसांची पिन आहे का?" लुर्देसने आपल्या अंबाड्यातली काढून दिली. बस चालू झाली. पिन परत मिळाली नाही. वर्षभराने तिने त्या माणसाशीच लग्न केलं. ती पिन अजून वर्कूच्या पाकिटात असते.

आठ दिवसांनी पत्र आलं. नवराबायकोने गुरुवारी, सव्वीस मार्चला सकाळी अकरा वाजता हजर राहावं. दोघांना वेगवेगळ्या खोलीत तेच प्रश्न विचारले जातील.

लुर्देस पत्र घेऊन सरळ खाली गेली. खालच्या मजल्यावर गोदेलीव्ह बाई राहायच्या. वय शहात्तर, चाळीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलेलं, आणि परीक्षेत नक्कल पकडण्यात त्यांचा हात धरणारा आख्ख्या गेंटमध्ये कोणी नव्हता.

"हक्क आहे तुमचा, भीक नाही," पत्र वाचून बाई कडाडल्या. "पण हक्काच्या मागेसुद्धा खाटा मोजणारा एक माणूस ठेवलेला असतोच. कोण आला होता?"

"दे पॉटर म्हणून."

"लिव्हेन? लिव्हेन दे पॉटर?" बाईंनी डोळे बारीक केले. "माझ्या वर्गात होता. शेजारच्याच्या पेपरात डोकावून लिहायचा. आता दुसऱ्यांचे पेपर तपासतो होय! बरं, ऐक. खरं काय नि खोटं काय, ते त्यांना कळत नाही. ते बघतात जुळतं का. तू जे सांगशील तेच त्याने सांगायला हवं. आणि विचारलं तेवढंच सांगायचं. स्पष्टीकरण द्यायला लागलं की मुलं हमखास फसतात. चाळीस वर्षांचा अनुभव आहे."

हेच त्यांनी दुपारी वर्कूलाही सांगितलं. "पोरा, जुळलं पाहिजे. बस्स."

"हो, आई," वर्कू म्हणाला. मोठ्या बाईला तो दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारूच शकत नसे.

जुळवायचं, हे लुर्देसच्या मनात घोळत राहिलं. अडचण कुठे आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. वर्कूच्या देशात दिवस उजाडल्यापासून मोजतात. इथे सकाळचे सात, तेव्हा तिथे दिवसाचा एक वाजतो. इथे दुपारचे बारा, तेव्हा तिथे सहा. वर्षाचंही तसंच. नवं वर्ष सप्टेंबरात लागतं, आणि इथे दोन हजार सव्वीस चालू असताना तिथे निवांतपणे दोन हजार अठरा चालू होतं. एरवी वर्कू सांभाळून घ्यायचा. पण घाबरला की त्याच्या तोंडून हमखास आपलंच घड्याळ बाहेर पडायचं. व्हिसाच्या वेळी त्याने दुपारी दोनची वेळ घेतली आणि सकाळी आठला जाऊन बंद दारापाशी सहा तास उभा राहिला होता.

"बिचारा ऐनवेळी गडबडणार," लुर्देसने विचार केला. "त्याला बदलायला सांगितलं तर आणखी घाबरेल. त्यापेक्षा मीच त्याच्यासारखं सांगते. जुळेल."

ती बाजारात जाऊन एक जुनं मनगटी घड्याळ घेऊन आली आणि ते वर्कूच्या वेळेवर लावलं. इथिओपियाचे महिने पाठ केले. रोज पहाटे कामावर जाण्याआधी खिडकीपाशी बसून ती पुटपुटायची. लग्न, पाचव्या महिन्याची एकोणीस. जन्म, तिसऱ्या महिन्याची बारा. जातो दोनला, येतो बाराला. हे वर्कूला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. सांगितलं असतं तर त्याला ओशाळं वाटलं असतं.

भिंतीपलीकडून वर्कूचंही पुटपुटणं ऐकू यायचं. "किती मन लावून प्रार्थना करतो!" लुर्देसला भरून यायचं, आणि ती आवाज आणखी खाली आणायची. पलीकडे वर्कूही, बायकोची प्रार्थना मोडू नये म्हणून, ओठांतल्या ओठांत बोलायचा. दोघंही मधूनच थांबून एकमेकांच्या भक्तीचं कौतुक करायची आणि पुन्हा पाठांतराला लागायची.

गुरुवारी आधी वर्कूला बोलावलं. तो अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलाचं हसू होतं. मग लुर्देस आत गेली. टेबलापलीकडे दे पॉटर साहेब, त्यांच्यासमोर चौदा प्रश्नांचा कागद.

"लग्नाची तारीख?"

"एकोणीस. पाचवा महिना. दोन हजार सोळा."

साहेबांनी शेजारच्या दाखल्याकडे पाहिलं. त्यावर अठ्ठावीस जानेवारी दोन हजार चोवीस अशी तारीख होती.

"बाई, तुम्ही पहिल्यांदा इथिओपियाला तीन वर्षांपूर्वी गेलात ना?"

"हो."

"आणि लग्न दहा वर्षांपूर्वी झालं?"

विचारलं तेवढंच सांगायचं. लुर्देसने मनात सेंट अँथनीला हाक मारली. "दोन हजार सोळा."

"नवऱ्याची जन्मतारीख?"

"बारा. तिसरा महिना. एकोणीसशे शहात्तर."

"कागदावर त्र्याऐंशी आहे."

"असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही त्यांना सात वर्षांनी म्हातारं केलंत."

 साहेबांनी कॉलर सैल केली.

"ते सायकलच्या दुकानात कामाला किती वाजता जातात?"

"दोनला."

"दुपारी?"

"सकाळी."

"सकाळी दोनला सायकल कोण दुरुस्त करून घेतं?"

"खूप जण."

"बरं. परत किती वाजता येतात?"

"बाराला."

"रात्री बाराला."

"नाही, नाही. उजेड असतो तेव्हा."

"म्हणजे दुपारी बाराला."

दुपार म्हणायची की नाही, हे लुर्देसने पाठ केलेलं नव्हतं. "बाराला," ती ठामपणे म्हणाली.

"आणि तुम्ही? बेकरीत कितीला जाता?"

"अकराला."

"अकराला पाव भाजायला घेतात? मग लोक न्याहारी कधी करतात?"

"वेळेवर करतात, साहेब."

दे पॉटर साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. "काल जेवायला काय होतं?"

आता मात्र लुर्देसला धीर आला. काल वर्कूच्या ताटात काय होतं हे तिला पाठ करायची गरज नव्हती, कारण ते तिनेच शिजवलं होतं. "शिरो. म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं. तिखट. बरोबर आंबवलेलं घावन."

अशा रीतीने चौदा प्रश्न संपले. साहेबांनी वर्कूला आत बोलावलं, बायकोशेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"बावीस वर्षं नोकरी झाली माझी," ते म्हणाले. "इतका वाईट पेपर मी पाहिलेला नाही. चौदातली दोन उत्तरं जुळताहेत. एक, घरात खाटा दोन आहेत. दुसरं, भेट केसांच्या पिनेमुळे झाली. बाकी बारा उत्तरांत तुम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही. नवरा म्हणतो लग्न चोवीस साली, बायको म्हणते सोळा साली. नवरा म्हणतो मी आठला जातो, बायको म्हणते दोनला. नवरा म्हणतो बायको पाचला कामाला जाते, बायको म्हणते अकराला. नवरा म्हणतो काल जेवायला खारवलेला मासा, बटाटे आणि उकडलेलं अंडं होतं." ते वर्कूकडे वळले. "तुमचा तर उपास आहे ना हो? मग अंडं कसं?"

"जेवायला काय होतं असं विचारलंत, साहेब. तिच्या ताटात होतं."

पण लुर्देस अंड्याकडे लक्ष देत नव्हती. ती वर्कूकडे वळली होती आणि तिचा आवाज, जो चर्चमध्ये शेजारच्या बाकावरही ऐकू जात नसे, अचानक वर चढला.

"आठला? तू आठ सांगितलंस?"

"आठच. बरोबर आहे ना?"

"अरे, तू दोन सांगायला हवं होतंस!"

"दोन कसं सांगू? दोन तर माझे झाले! मी तुझे सांगितले!"

"माझे कशाला सांगितलेस? मी तुझे सांगितले ना!"

"तुला कोणी सांगितलं होतं माझे सांगायला?"

"तू घाबरलास की दोन म्हणतोस! व्हिसाच्या वेळी कोण उभं होतं सहा तास?"

"म्हणून तर मी महिनाभर पहाटे उठून पाठ केलं, अगं! जानेवारी, फेब्रुवारी, मार्च!"

लुर्देस थबकली. "ती प्रार्थना नव्हती?"

"आणि तुझी?"

"मी तुझे महिने म्हणत होते."

वर्कूचा हात कपाळाला लागला. "आणि मी तुझी प्रार्थना मोडू नये म्हणून कुजबुजत होतो."

"मीसुद्धा! घसा बसला माझा कुजबुजून!"

"थांबा," दे पॉटर साहेब म्हणाले. कोणी थांबलं नाही. त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "थांबा! आत्ता किती वाजले?"

दोघांनी एकाच वेळी बाही वर केली.

"सहा वाजून वीस," लुर्देस म्हणाली.

"बारा वाजून वीस," वर्कू म्हणाला.

साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून दोघांची मनगटं आपल्यासमोर ओढली. पोर्तुगीज बायकोच्या मनगटावर इथिओपियाची वेळ होती. इथिओपियन नवऱ्याच्या मनगटावर गेंटची.

"मिनिटं जुळताहेत," ते सावकाश म्हणाले.

मग त्यांनी कागद ओढला आणि शाळेतल्या मुलासारखी बोटांवर वजाबाकी सुरू केली. आठातून दोन गेले, सहा. अठरातून बारा गेले, सहा. पाच आणि अकरा, सहा. वर्षांत कुठे आठाचा फरक निघाला, कुठे साताचा. त्यावर ते अडले, तेव्हा वर्कूने सप्टेंबरातलं आपलं नवं वर्ष टेबलावर बोटाने काढून दाखवलं. दहा मिनिटांनी बारापैकी अकरा उत्तरं जुळलेली होती. राहिलं ते जेवण.

"आणि जेवणाचं? यात तर घड्याळ नाही."

"दोन ताटं असतात, साहेब," लुर्देस म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "मी त्याचं सांगितलं, त्याने माझं."

दे पॉटर साहेब खुर्चीत मागे टेकले.  लुर्देसने पदर धरावा तशी शालीची कड धरून ठेवली होती. वर्कूच्या खिशातल्या नारिंगी कार्डाचे पंचवीस दिवस उरले होते.

"खोटी लग्नं मी पुष्कळ पाहिली," शेवटी ते म्हणाले. "त्यांची उत्तरं शब्दाला शब्द जुळतात. बायको आठ म्हणाली की नवरा आठ. टूथपेस्टचा रंगसुद्धा चुकत नाही. आमच्या शाळेत फ्रेंचच्या एक बाई होत्या. त्या म्हणायच्या, दोन पेपर तंतोतंत जुळले की ओळखावं, नक्कल आहे." त्यांनी मान खाली घातली. "मला तीनदा शून्य दिलं होतं त्यांनी."

"त्या आमच्या खाली राहतात," वर्कू उत्साहाने म्हणाला.

साहेब दचकून ताठ बसले. शर्टाचं वरचं बटण त्यांनी आपसूकच लावलं. "जिवंत आहेत?"

"फार," लुर्देस म्हणाली.

साहेबांनी भराभरा लिहायला घेतलं. लुर्देसला राहवेना. "काय लिहिताय, साहेब?"

"एकत्र राहतात," त्यांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं. "फरक सहा तासांचा. हरकत नाही." सही करून त्यांनी टोपण लावलं आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, "माझी ड्यूटी कितीला संपते हे माझ्या बायकोला एकोणीस वर्षांत पाठ झालेलं नाही. तेही माझ्याच घड्याळाने, बाई."

लुर्देसचा ईस्टर पार पडला. मंगळवारांपैकी अकरा झाले. दहा एप्रिलला, म्हणजे वर्कूच्या गुड फ्रायडेला, घंटी वाजली. दारात दे पॉटर साहेब, हातात लिफाफा. असं पत्र वस्तीच्या पोलिसानेच आणून द्यायचं असतं, पण लिफाफा देताना असं हसायचं असतं असं काही नियमात नाही.

घंटीच्या आवाजाने गोदेलीव्ह बाईही जिना चढून आल्या होत्या. पत्र त्यांनीच हिसकावून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "मंजूर! पाच वर्षं! दोन हजार एकतीसपर्यंत!"

लुर्देसने क्रूसाची खूण केली आणि ती रडायलाच लागली. वर्कू जमिनीला कपाळ टेकवून उठला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला.

"एकतीसपर्यंत?" तो म्हणाला. "पण आमच्याकडे तर आत्ता अठराच चालू आहे. म्हणजे तेरा वर्षं!"

"हे त्या कचेरीत बोलू नकोस, पोरा," गोदेलीव्ह बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर दे पॉटर साहेबांवर गेली. साहेब जिन्याच्या कठड्याआड जितकं होता येईल तितकं झाले होते. "लिव्हेन. सरळ उभा राहा."

"हो, मॅडम."

"पेपर कोणाचा बघून तपासलास?"

"स्वतः तपासला, मॅडम."

"बरा तपासलास," बाई म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी त्याला दिलेला हा पहिला पास होता. साहेबांचे कान लाल झाले.

"रविवारी आमचा ईस्टर, साहेब," वर्कू म्हणाला. "उपास सुटतो. तुम्ही आणि तुमच्या बाई जेवायला या. सात वाजता."

"सात," साहेब म्हणाले. त्यांनी आधी वर्कूकडे पाहिलं, मग लुर्देसकडे, आणि एक डोळा हलकेच मिटला. "समजलं. बरोबर सातला येतो."

असं डोळा मिटण्यासारखं काय होतं, हे दोघांनाही कळलं नाही. आनंदात होती, सोडून दिलं.

रविवारी दुपारी एक वाजता घंटी वाजली. वर्कू चर्चमधून सकाळी परतून नुकताच लवंडला होता. लुर्देसच्या केसांत गुंडाळ्या होत्या, कोंबडी फ्रिजमध्ये होती, आणि तीन किलो कांदे पिशवीतून अजून बाहेरसुद्धा आलेले नव्हते. तिने दार उघडलं. दारात दे पॉटर साहेब, अंगात सूट, एका हातात फुलं, दुसऱ्या हातात चॉकलेटची पेटी.

"सात!" ते विजयी मुद्रेने म्हणाले आणि मनगट पुढे केलं. घड्याळात सात वाजले होते. मुद्दाम लावून आले होते.

लुर्देस घड्याळाकडे बघत राहिली. आतून वर्कू डोळे चोळत आला आणि तोही बघत राहिला.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "संध्याकाळी सात. आम्ही तुमचे सांगितले होते."

"आणि मी तुमचे धरले," साहेबांचा चेहरा उतरला.

"इतकं कोणी आमचं धरत नाही हो," लुर्देसला एकदम गहिवरून आलं. "या, या आत. आता घरचेच झालात."

घरचे झाल्यावर मग काय, साहेबांचा कोट खुंटीला गेला आणि बाह्या वर झाल्या. वर्कूच्या गावची कोंबडी करायची तर आधी कांद्याचा डोंगर बारीक चिरावा लागतो आणि तो चिरणाऱ्याला रडू आल्याशिवाय चव येत नाही, असं म्हणतात. साहेब चिरायला बसले. गोदेलीव्ह बाई वर आल्या, तेव्हा ते घळाघळा रडत होते.

"लिव्हेन, प्रश्न नीट वाचायची सवय तुला तेव्हाही नव्हती," बाई म्हणाल्या आणि शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या. "बारीक चीर."

"हो, मॅडम."

"आणि बायको कुठाय?"

"ऐकलंच नाही तिने," साहेबांनी दंडाला डोळे पुसले. "म्हणाली, सात म्हणजे सात. अर्धा तास समजावलं तिला. मग एकटाच निघून आलो."

मध्येच हात धुवायला उठले तेव्हा सवयीप्रमाणे त्यांची नजर पलीकडच्या खोलीत गेली. तिथली खाट घडी घालून भिंतीला उभी केली होती आणि तिच्या जागी जेवणाचं टेबल मांडलं होतं.  खिशात वहीसाठी गेलेला हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

तीनला मसाला परतला गेला, पाचला कोंबडी पडली, सहाला बारा अंडी सोलली गेली. पंचावन्न दिवसांनी निळी आणि काळी भांडी एकाच चुलीवर शेजारी शेजारी चढली. घरभर असा वास सुटला की खालच्या रस्त्यावरून जाणारी माणसं मान वर करून बघायला लागली. आणि बरोबर सात वाजता, सगळ्यांची ताटं मांडून होताहोता, घंटी वाजली.

दार उघडायला साहेबच धावले. डोळे सुजलेले, शर्टावर हळद, अंगाला कांद्याचा वास. दारात त्यांची बायको, केस नीट केलेले, हातात केक, चेहऱ्यावर 'सांगितलं होतं ना' असं लिहिलेलं.

"ये," साहेब म्हणाले. "सहाच तास उशीर झालाय तुला."